शंभर रुपये कोणाचे?



अर्थशास्त्रावर बोलावयास या शहरात विद्वान प्राध्यापकांची वाण नाही. असे असता कामगार संघटनेच्या एका कार्यकर्त्याने येथे उभे राहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. आमचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या दारावर आणि सार्वजनिक वाचनालयात. परंतु घरखर्चाचे शास्त्र पदवीची वाट पाहत नाही. महिन्याच्या वीस तारखेला पिठाचा डबा तळाला गेला, की ते शिकावेच लागते. आणि बहुतेक घरांत ते प्रथम बाईमाणसाला शिकावे लागते.

या शास्त्राचा पहिला नियम १८५७ साली सॅक्सनीतील अर्न्स्ट एंगेल या संख्याशास्त्रज्ञाने मांडला. बेल्जममधील कामकरी कुटुंबांचे जमाखर्च तपासून त्याने दाखविले की, कुटुंब जितके गरीब तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. हा एंगेल निराळा आणि मार्क्सचा सोबती फ्रेडरिक एंगल्स निराळा. आमच्या अभ्यासवर्गात ही गल्लत नेहमी होते. आपल्याकडे दादाभाई नौरोजींनी १८७० च्या दशकात तुरुंगातील कैद्याचा शिधा हिशेबास घेऊन विचारले, की सामान्य रयतेच्या वाट्यास तेवढे तरी येते काय?

हाच प्रश्न पुढे मुंबईत सरकारी अहवालातून उभा राहिला. १९१९ आणि १९२० सालच्या मोठ्या गिरणी संपांनंतर, १९२१ साली मुंबई सरकारने लेबर ऑफिस उघडले. त्याचे संचालक फिंडले शिरास यांनी १९२१-२२ मध्ये मुंबईच्या कामकरी वर्गाचे जमाखर्च गोळा केले आणि १९२३ साली अहवाल छापला. शंभर रुपयांपैकी ५६.८ रुपये अन्नावर, ७.४ सरपण व दिवाबत्तीवर, ९.६ कपड्यावर, ७.७ घरभाड्यावर आणि उरलेले १८.५ किरकोळ बाबींवर, अशी त्यात विभागणी होती. कामगाराला दुष्काळसंहितेतील कमाल प्रमाणाइतके धान्य मिळते, परंतु तुरुंगाच्या नियमावलीत कैद्यास ठरविलेल्या धान्यापेक्षा ते कमी भरते, हा शिरास यांचा निष्कर्ष होता. चोरी करून आत गेलेल्याला अधिक आणि घाम गाळून बाहेर राहिलेल्याला कमी! हे कोणा चळवळ्याने म्हटले नाही, सरकारी अधिकाऱ्याने म्हटले, हे ध्यानात ठेवावे.

आता भाड्याचे ७.७ रुपये पाहा. वरवर पाहणारा म्हणेल, मुंबईत घर स्वस्त होते. तोच अहवाल सांगतो की, शंभरांतील ९७ कुटुंबे एका खोलीत राहत होती. वाटा लहान होता याचे कारण सोय नव्हे, दाटी. शिवाय शंभरांतील ४७ कुटुंबे कर्जात होती आणि व्याजाचा सर्वसाधारण दर रुपयास दरमहा एक आणा, म्हणजे साल शेकडा ७५ होता. तेव्हा टक्केवारी वाचताना माणूस कोठे झोपतो आणि कोणाचे देणे लागतो, हेही विचारले पाहिजे.

पुण्याने या कामात मोठा वाटा उचलला आहे. १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली १९३६-३७ मध्ये पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी झाली. तिचा पहिला भाग १९४५ साली व दुसरा १९५२ साली प्रसिद्ध झाला. त्याच संस्थेतून १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दारिद्र्यावरील विवेचन पुढे आणले. १९६०-६१ च्या भावाने माणशी दरमहा खेड्यात सुमारे १५ रुपये आणि शहरात सुमारे २२.५ रुपये एवढा खर्च किमान आहार मिळण्यास लागतो. खेड्यांतील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक तेवढाही करू शकत नाहीत, असे त्यांनी दाखविले. शहरातल्या गरिबाकडे पाहण्यास त्यांनी अनेकांना भाग पाडले.

या मोजणीचा आमच्या पगाराशी संबंध काय? महागाई भत्ता ज्या निर्देशांकावर चालतो, तो अशाच पाहणीतून तयार होतो. आधी कामगारांच्या घरी जाऊन शंभर रुपयांची विभागणी ठरवावयाची आणि मग दरमहा बाजारभाव टिपून त्या विभागणीला लावावयाचे. आकडा चुकला की भत्ता चुकतो. ऑगस्ट १९६३ मध्ये याच प्रश्नावर मुंबईत बंद झाला आणि प्रा. लकडावाला यांच्या तज्ज्ञ समितीने मुंबईचा निर्देशांक कमी दाखविला जात होता, असा निर्वाळा दिला. संख्याशास्त्राच्या चुकीसाठी कामगार रस्त्यावर उतरले, कारण ती चूक त्यांच्या ताटात पडली होती.

या निर्देशांकाच्या पायाची वर्षे १९६०, १९८२, २००१ आणि २०१६ अशी आहेत. त्यातील अन्नाचा वाटा १९६० मध्ये सुमारे ६१ टक्के होता, २००१ मध्ये तो ४६.२ झाला आणि २०१६ मध्ये ३९.१७ वर आला. एंगेलचा नियम लावला तर कामगार सुखी झाला म्हणावयाचे. काही अंशी ते खरेही आहे. आमच्या आजोबांपेक्षा आमचे ताट बरे आहे. परंतु मुलांची फी, औषधपाणी, गाडीचे पेट्रोल हे खर्च टाळता येत नाहीत. ते वाढले म्हणजे अन्नाचा वाटा आपोआप घटतो, भूक भागली म्हणूनच घटतो असे नाही.

आणि हा ३९ चा आकडा सरासरीचा आहे. २०२२-२३ च्या राष्ट्रीय पाहणीत शहरी भारतातील सर्वांत खालच्या ५ टक्के लोकांचा माणशी मासिक खर्च २,००१ रुपये आणि सर्वांत वरच्या ५ टक्क्यांचा २०,८२४ रुपये आढळला. ही दोन घरे एकाच बाजारात जातात, पण त्यांची महागाई एक नसते. समजा, अन्नाचे भाव शेकडा १० वाढले आणि बाकीचे स्थिर राहिले. निर्देशांक ३.९ वाढेल. परंतु जे कंत्राटी कामगाराचे घर शंभरातले ५५ रुपये अन्नावर घालते, त्याचा खर्च ५.५ वाढेल. त्याला भरपाई मिळेल ती ३.९ ची. पंधरा हजारांच्या संसारात हा फरक महिन्याला सुमारे २४० रुपये होतो. तो कोणी चोरला असे म्हणता येत नाही. तो सरासरीत हरवला.

भोसरी-चाकणच्या बाजूस एकाच यंत्रावर कायम आणि कंत्राटी असे दोघे शेजारी उभे असतात. आमच्या अभ्यासवर्गात आम्ही दोघांच्या घरच्या वह्या शेजारी मांडतो. एकीत विम्याचा हप्ता आणि मुलीची शिकवणी असते. दुसरीत किराणा, खोलीभाडे आणि गावी पाठविलेले पैसे, एवढ्यावर पान संपते. ‘उधारी’ हा शब्द मात्र पुढच्या पानावरही चालू राहतो. दुसऱ्या वहीला पहिलीचा निर्देशांक लावणे हा न्याय नव्हे.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. पाहण्या पंधरा-वीस वर्षांच्या अंतराने नकोत, लौकर लौकर व्हाव्यात. आणि कंत्राटी व असंघटित कामगारांच्या घरखर्चाची मोजणी वेगळी व्हावी. आपणही आपल्या घरच्या वहीचा अनमान करू नये. पाहणी करणारा दारात आला, तर वेळ नाही म्हणून त्यास परत पाठवू नये. आपले शंभर रुपये कसे जातात हे आपण सांगितले नाही, तर दुसऱ्याचे शंभर रुपये आपले म्हणून मोजले जातील.