कोंडा : रोगविचार व उपचारांचा इतिहास

डोक्याच्या त्वचेचा बाह्य थर भुशासारखा सुटून पडण्याच्या विकारास कोंडा म्हणतात. वैद्यकात सेबोऱ्हिइक डर्मटायटिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्वचाशोथाची ही सौम्य अवस्था होय. तीव्र प्रकारात भुवया, नाकाच्या कडा, कानामागील भाग व छाती येथे लाली, खाज व पिवळसर तेलकट खवले आढळतात. त्वक्‌स्नेह (त्वचेतील तेलकट स्राव) जेथे अधिक स्रवतो, तेथेच हा रोग होतो. तो सांसर्गिक नाही. मात्र बरा होऊन पुनःपुन्हा उद्‌भवतो.

सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये दारुणक नावाचा विकार वर्णिला आहे. केशभूमी रूक्ष होणे, खाजणे व फुटणे ही त्याची लक्षणे असून कफ व वात यांचा प्रकोप हे कारण दिले आहे. रक्तमोक्षण, शिरोबस्ती व तैलाभ्यंग या उपचारांबरोबरच कोद्रूच्या काडाच्या राखेपासून केलेल्या क्षारजलाने डोके धुण्यास सांगितले आहे. यांपैकी तेल तेवढे लोकव्यवहारात दृढ झाले; धुण्याचा भाग मागे पडला.

मराठवाड्यात हे विशेष दिसते. लातूर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानातील उस्मानाबाद जिल्ह्यात होते (स्वतंत्र जिल्हा १९८२). तेथे आयुर्वेद व युनानी या दोन्ही पद्धती रूढ होत्या. उर्दूत कोंड्यास ‘बफा’ म्हणतात. हा प्रदेश करडई, भुईमूग अशा तेलबियांचा व लातूर ही त्यांची मोठी बाजारपेठ. कोंडा म्हणजे कोरडेपणा व त्यावर तेल हा उतारा, ही समजूत घरोघरी आढळते. तान्ह्या मुलाची टाळू तेलाने भरतात. त्या वयात डोक्यावर धरणारी पिवळी खपली याच रोगाचा प्रकार असून ती बहुधा वर्षाच्या आत आपोआप जाते. श्रेय अर्थातच तेलाला मिळते.

यूरोपात लूई शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञांना १८७४ मध्ये डोक्यावरील खवल्यांत कवकाच्या पेशी दिसल्या. हँबर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सोन उन्ना यांनी १८८७ मध्ये हा रोग इतर इसबांपासून वेगळा काढला. त्या काळी गंधक, सॅलिसिलिक अम्ल, डांबर व रेसॉर्सिनॉल ही औषधे वापरात होती. मात्र तेच कवक निरोगी डोक्यावरही सापडू लागल्याने विसाव्या शतकाच्या मध्यास त्याला निरुपद्रवी मानले गेले. त्वचेच्या पेशी अतिवेगाने तयार होणे हेच मूळ कारण, असे मत प्रबळ झाले. १९७० नंतरच्या दशकात केटोकोनॅझोल हे कवकनाशक निघाले. त्याचा पेशींच्या वाढीशी थेट संबंध नसूनही कोंडा कमी होई. या आधारावर सॅम शस्टर यांनी १९८४ मध्ये कवकाचा पक्ष पुन्हा मांडला आणि तो मान्य झाला.

मालासेझिया वंशातील या यीस्टला स्वतःची वसाम्ले बनविता येत नाहीत. एका जातीच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीनोमावरून त्यास पुष्टी मिळाली. ते त्वचेवरील स्निग्ध पदार्थांचे विघटन करते व त्यातून ओलेइक अम्लासारखी द्रव्ये उरतात. प्रवण व्यक्तीच्या त्वचेचा त्यांमुळे क्षोभ होतो. कवक जवळजवळ सर्वांच्या त्वचेवर असते. भेद असतो तो व्यक्तीच्या प्रतिसादात. डोक्यास लावून ठेवलेले तेल या यीस्टला खाद्य पुरविते. तेलाने खवले चिकटून बसतात व दिसेनासे होतात, म्हणून गुण आल्यासारखे वाटते. जाड खपली मऊ करण्यापुरते तेल लावून ते लवकरच धुऊन टाकणे इष्ट.

केटोकोनॅझोल (२ टक्के), सिलेनियम सल्फाइड किंवा झिंक पायरिथिऑन असलेला शांपू आठवड्यातून दोनदा लावून काही मिनिटे ठेवतात व मग डोके धुतात. नंतर हे अंतर वाढवितात. म्हणजे उपचार पाण्यावाचून होत नाही. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातुरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे हा सल्ला पाळणे सोपे नव्हते.

चेहऱ्यावर सौम्य स्टेरॉइड मलम थोडे दिवसच लावतात. दुकानातून परस्पर घेतलेली तीव्र मलमे दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होते. अशा १४ स्टेरॉइडांची मलमे शासनाने २०१८ मध्ये चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. सावळ्या त्वचेवर या रोगाचे चट्टे फिकट दिसतात व कुष्ठरोगाची शंका येऊन कुटुंब धास्तावते. परंतु येथे स्पर्शज्ञान शाबूत असते व खाज सुटते. कुष्ठाच्या चट्ट्यात संवेदना बहुधा कमी झालेली असते. निश्चितीसाठी तज्ज्ञाची तपासणी हवी. मराठवाड्यात पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे निघाले. नांदेडला ते १९८८ मध्ये व लातूरला २००२ मध्ये आले.

विस्तृत व उपचारांना दाद न देणारा रोग एचआयव्ही संसर्गात आढळतो, हे १९८० नंतरच्या दशकात ध्यानात आले. अशा रुग्णाची रक्ततपासणी करतात. तथापि नुसत्या कोंड्यावरून तसा संशय घेणे सर्वस्वी चुकीचे आहे. भारतात या संसर्गावर शासनातर्फे मोफत औषधोपचार एप्रिल २००४ पासून सुरू झाले. प्रतिकारशक्ती सुधारल्यावर त्वचाही बहुधा सुधारते.