सस्टेन पेडल उलटे का वागते?
पेडल सोडले की स्वर रेंगाळतो, दाबले की तुटतो. एवढ्यावरून अनेकांनी चांगली पेडले अडगळीत टाकली आहेत. दोष बहुधा पेडलाचा नसतो, त्याच्या इतिहासाचा असतो.

पियानोत हे काम निव्वळ यांत्रिक होते. तारांवर टेकलेले नमद्याचे डॅम्पर उचलले की स्वर घुमत राहतो. १७७७ साली मोझार्टने श्टाइनच्या पियानोंची स्तुती करताना गुडघ्याने चालणारी अशी तरफ आवर्जून वाखाणली. पुढे ती पायाखाली आली. तिला उलटे वागण्याची सोयच नव्हती!

सिंथेसायझरचे पेडल म्हणजे केवळ विजेचे बटण. दाबल्यावर सर्किट जुळावे की तुटावे, हे ज्याने त्याने आपापले ठरवले. यामाहाचे तुटते, इतर काहींचे जुळते. १९८३ साली मिडी आले. त्यात सस्टेनला ६४ हा क्रमांक मिळाला. ० ते ६३ म्हणजे बंद, ६४ ते १२७ म्हणजे चालू. वाद्यांची आपसातली भाषा ठरली. पेडलाच्या वायरीविषयी मात्र मिडी गप्पच राहिले.

यावर तोड म्हणून अनेक वाद्ये सुरू होताना पेडलाची जी स्थिती आढळेल तीच ‘सोडलेली’ मानू लागली. नेमका तेव्हा पाय पेडलावर असला, तर सारे उलटते. म्हणून वाद्य बंद करून पिन पूर्ण खोचावी आणि पाय दूर ठेवून ते पुन्हा सुरू करावे. तरीही फरक न पडल्यास पेडलावरील पोलॅरिटीची कळ किंवा वाद्यातील तशी सेटिंग पाहावी. स्वर मधूनच, अनियमित तुटत असेल, तरच वायरीवर संशय घ्यावा.