कुत्रं चावलं? आधी साबण, मग दवाखाना

रेबीजचा विषाणू जखमेतून मज्जातंतूंत शिरतो आणि हळूहळू मेंदूकडे सरकतो. लक्षणं दिसायला बहुधा काही आठवडे ते महिने लागतात. तोंडाला किंवा डोक्याला चावलं असेल तर लवकर. लस काम करते ती याच मुदतीत. एकदा पाणी पाहून घसा आवळायला लागला, की माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. विषाणूवर चरबीचं आवरण असतं, साबणाने ते फुटतं. मिरची, चुना, हळद काही लावायचं नाही. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही.

पोटात १४ इंजेक्शनांची भीती जुनी झाली. आता सरकारी दवाखान्यात दंडात लस मिळते: पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही द्यावं लागतं. ते आठवणीने विचारा. मांजर, माकड, कोल्हा चावला तरी हेच. घरचं पिल्लू असलं तरी हेच.

पोरं मार बसेल म्हणून ओरखडा लपवतात. त्यांना रागावू नका, नीट विचारा.