परसातल्या जास्तीच्या कोंबड्यांचे काय झाले?

१/ उबवलेल्या अंड्यांतून जवळपास निम्मे नर निघतात. आठ-दहा कोंबड्यांमागे मात्र एकच कोंबडा पुरतो. उरलेल्यांचे काय करायचे? या प्रश्नाला दोन हजार वर्षांत मिळालेल्या उत्तरांचा हा धागा.

२/ पहिले उत्तर सरळ होते : पोसावे आणि खावे. इ.स.पू. १६१ च्या फॅनियस कायद्याने रोमन मेजवानीत एकाच कोंबडीला मुभा दिली, तीही मुद्दाम न पोसलेली. थोरला प्लिनी सांगतो की, लोकांनी यातून पळवाट काढली. ते दुधात भिजवलेले अन्न घालून कोंबडे पोसू लागले.

३/ मध्ययुगीन युरोपात खच्ची केलेला कोंबडा, म्हणजे कॅपन, जमीनदाराच्या खंडातही दिला जाई. मांस मऊ होई. पण ती शस्त्रक्रिया भूल न देताच केली जाई. तेव्हा जुना काळ सर्वस्वी दयाळू होता, असे मानू नये.

४/ तरीही कोंबड्याला काही महिन्यांचे आयुष्य लाभे. त्याचे मोठे कारण मालकाचे अज्ञान! तुरा आणि पिसे वाढेपर्यंत नर कोणता, तलंग कोणती, हे सहसा कळतच नसे. तोवर दोघांनाही दाणा मिळे.

५/ हे अज्ञान जपानमध्ये संपले. मासुई आणि हाशिमोतो या संशोधकांनी १९२० च्या दशकात एका दिवसाच्या पिलाचे लिंग ओळखण्याची पद्धत मांडली. पुढच्या दशकात जपानी तज्ज्ञ हे काम करण्यासाठी उत्तर अमेरिकेत पोहोचले.

६/ त्याच सुमारास मांसाची कोंबडी वेगळी होत होती. १९२३ मध्ये डेलावेअरच्या सेसिल स्टील यांनी अंड्यांसाठी ५० पिले मागवली, आली ५००. त्यांनी ती मांसासाठी वाढवून विकली. १९४८ च्या ‘उद्याची कोंबडी’ स्पर्धेनंतर भरपूर मांसाच्या संकरित जातींना वेग आला. अंड्यांच्या जातीचा नर आता कोणालाच नको होता. त्याला पहिल्याच दिवशी मारणे ही उद्योगाची रीत झाली.

७/ कायदाही उशिरा जागा झाला. अमेरिकेच्या १९५८ च्या दयापूर्ण कत्तल कायद्याचे संरक्षण कोंबड्यांना आजही लागू केले जात नाही. ब्रिटनने त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला, तो १९६७ मध्ये.

८/ जर्मनीत दरवर्षी सुमारे साडेचार कोटी नर पिले मारली जात. केवळ आर्थिक हित हे त्यासाठी पुरेसे कारण नाही, असे तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले. १ जानेवारी २०२२ पासून बंदी आली.

९/ परसात कोंबडे वाढवणारे जाणते लोक आजही आदल्या रात्री दाणा बंद करतात, पाणी ठेवतात, अंधारात पक्षी शांत असताना हळुवार उचलतात आणि धारदार सुरीने एका घावात काम संपवतात. ही हत्याच आहे. पण ती करणाऱ्याला आपण काय करतो आहोत, ते दिसत असते. स्वस्त अंड्याने ते दृश्य आपल्यापासून दूर नेले. आपण खातो त्या अंड्यामागच्या नर पिलाचे काय झाले, हे विचारणे म्हणूनच इतिहासाचेही काम आहे.