आलापल्लीच्या पुढे हवा कोण भरणार?

आलापल्लीहून हेमलकशाकडे निघालेल्या सायकलस्वाराला पुढचे साठेक किलोमीटर बहुतेक जंगलच लागते. साग, बांबू, मधूनच माडिया आदिवासींची चार-दहा घरांची वस्ती. चंद्रपूरहून मूल-सावलीमार्गे गडचिरोलीला जाताना दर मोठ्या गावात एखादे तरी सायकलचे दुकान सापडते. आलापल्लीच्या पुढे मात्र चाकातली हवा गेली तर ती परत भरायला सोबतचा पंपच हवा. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत पंपाचे महत्त्व कायम याच एका गोष्टीवर ठरत आले आहे: एका दुकानापासून दुसरे दुकान किती लांब.

सायकल आली तेव्हा तिला पंप नव्हता. टॉमस स्टीव्हन्स हा प्रवासी १८८६ मध्ये उत्तर हिंदुस्थानातून गेला तो उंच चाकाच्या सायकलवर, आणि तिचे टायर भरीव रबराचे होते. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. मुलाच्या तीनचाकीसाठी केलेली पहिली ट्यूब त्यांनी फुटबॉलच्या पंपाने फुगवली होती, असे सांगतात. हवेच्या टायरने हाडे खिळखिळी होणे थांबले, पण सायकलस्वाराच्या मागे काट्याची धास्ती लागली ती कायमची.

पुढे १८९० च्या दशकात वूड्स वॉल आला. काळ्या सायकलींना आजही असतो तो हाच. त्याच्या पोटातल्या बारीक खिळ्याला आडवे भोक असते आणि त्यावर रबराची इवलीशी नळी, म्हणजे वॉलट्यूब, चढवलेली असते. पंपाची हवा रबराला ढकलून आत शिरते; पंप थांबला की आतली हवाच ते रबर दाबून धरते आणि वाट बंद होते. विदर्भाच्या उन्हात हे रबर वाळते, चिरते, आणि पंक्चर नसतानाही सायकल रातोरात बसते. पण बोटभर वॉलट्यूब जवळ असली की कोणत्याही पान्याशिवाय हे दुखणे पाच मिनिटांत बरे होते. रानातल्या माणसासाठी इतका सोयीचा वॉल नंतर झाला नाही, असे ठामपणे म्हणावेसे वाटते.

पंपही तितकाच साधा होता. पत्र्याची लांब नळी, आत दांडा, आणि दांड्याच्या टोकाला वाटीसारखा चामड्याचा वायसर. दांडा मागे ओढला की वाटीच्या कडा आत मिटतात आणि हवा बाजूने पुढे जाते. दांडा दाबला की त्याच कडा फाकून नळीला चिकटतात. वायसर वाळला की पंप नुसता फुसफुसतो. मग दांडा बाहेर काढायचा, चामड्याला तेल पाजायचे, बोटाने कडा फाकवायच्या, की पंप पुन्हा चालू. वॉलला जोडायची नळी काही पंपांत दांड्याच्या पोकळ मुठीतच मावायची आणि अख्खा पंप फ्रेमवरच्या दोन खुंट्यांमध्ये अडकून बसायचा.

स्वातंत्र्यापूर्वी अशा सायकली मुख्यतः इंग्लंडहून यायच्या: रॅले, बीएसए, हर्क्युलिस. पुढे मुंबईत वरळीची हिंद सायकल्स, मद्रासजवळ अंबत्तूरची टीआय, आसनसोलची सेन-रॅले, सोनीपतची अ‍ॅटलस आणि १९५६ पासून लुधियानाची हीरो यांनी देशी सायकल घराघरांत नेली. या भागात पोचण्याची सोय मात्र सगळीकडे सारखी नव्हती: चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे, रेल्वे वर्धा-वरोरा मार्गाने एकोणिसाव्या शतकातच आली. गडचिरोलीच्या मुलखाला मात्र दीर्घकाळ वडसा-देसाईगंज हे एकच स्टेशन होते. तिथून पुढचा प्रवास बैलगाडीने, पायी, आणि जमले तर सायकलने.

गावागावांत दुकाने झाली तसा फ्रेमवरचा पंप मागे पडला. शहरात सायकल उभी केली की खुंट्यांतला पंप कोणीही उचलून न्यावा, अशी सगळी सोय होती! शिवाय दुकानाच्या दारात लाकडी मुठीचा उभा पंप असेच. बुडाच्या पट्टीवर पाय ठेवायचा, दोन्ही हातांनी दाबायचे आणि टायर अंगठ्याने चाचपून पाहायचा. नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला नसला किंवा रात्री दिवा नसला तर दंड व्हायचा. पंप नसला म्हणून कोणी अडवत नसे. हळूहळू लोकांनी पंप घरी ठेवला आणि कित्येकांनी तो घेतलाच नाही.

सायकलचा मोठा सार्वजनिक उपयोग या मातीतल्या माणसाने केला. वरोऱ्याच्या आनंदवनाचे बाबा आमटे यांनी डिसेंबर १९८५ मध्ये ‘भारत जोडो’ अभियान सुरू केले. पंजाब धुमसत असताना शंभरावर तरुण-तरुणी कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने पाच हजारांवर किलोमीटर सायकलने गेले. मणक्याच्या दुखण्यामुळे बाबांना बसता येत नसे. ते वाहनात आडवे पडून सोबत होते. त्यांनी जुलूस मोटारींचा काढला नाही. सायकलवरचा माणूस वाटेतल्या गावाशी बोलू शकतो, आणि त्या अभियानाला संवादच साधायचा होता.

आज या भागातल्या मुली सायकलने शाळेत जातात. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, आणि त्यांची रोजची वाट मोठ्या प्रवासाइतकीच महत्त्वाची आहे. हवा भरताना अडचण वॉलची आहे. आता एकाच शाळेच्या स्टँडवर वूड्सचा जुना वॉल आणि मोटारसायकलसारखा जाड वॉल, दोन्ही दिसू शकतात. पेट्रोल पंपावरच्या हवेचे तोंड जाड वॉलवर बसते, वूड्सवर बसत नाही. म्हणून पंप घेताना आधी आपल्या सायकलचा वॉल पाहावा. रेसिंग सायकलच्या बारीक वॉलसाठी केलेले तोंड वूड्सवरही बहुतेक वेळा चालते, त्यामुळे दोन तोंडांचा पंप घेतलेला बरा.

दुसरा प्रश्न पंपाच्या जाडीचा. काळ्या सायकलच्या टायरला ४५ पौंड हवा धरली, तर आतून २० मिलिमीटर व्यासाच्या पंपाला शेवटी साधारण १० किलोचा जोर लागतो. ३० मिलिमीटरच्या पंपाला २२ किलोचा. बारा वर्षांच्या मुलीच्या हाताला हा फरक फार मोठा आहे. पण खिशात मावणारा आखूड, बारीक पंप दीडशेवर वेळा मारावा लागतो. तेवढ्याच जाडीच्या, पण हातभर लांब पंपाला त्याच्या निम्म्याहूनही कमी फटके पुरतात. सोळा ग्रॅमची गॅसची नळी असला टायर एकदा भरते, जाड टायरचे तिच्याने जेमतेम होते, आणि तो वायू रबरातून लवकर झिरपतो. बाभळी-बोरीच्या काट्यांच्या वाटेवर दुसरे पंक्चर फार दूर नसते, त्यामुळे केवळ गॅसच्या नळीच्या भरवशावर आलापल्ली सोडणे शहाणपणाचे नाही.

आज तसा हातभर लांब पंप फ्रेमच्या नळीलगत पट्ट्यांनी बांधता येतो. गडचिरोलीकडच्या सायकलस्वाराने तोच पंप घ्यावा, सोबत पॅच, सोल्युशन आणि वॉलट्यूबचा तुकडा ठेवावा. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४६-४७ पर्यंत चढतो, म्हणून सोल्युशनची ट्यूब उन्हात तापणाऱ्या पिशवीत पडू देऊ नये. निघण्यापूर्वी घरीच एकदा चाकातली सगळी हवा सोडून त्या पंपाने पुन्हा भरून पाहावी. वायसर वाळला असेल तर ते तिथेच कळते.