किर्कुकचे तेल आणि इराकची घडण : एका संघर्षाची मुळे

प्रस्तावना

पश्चिम आशियातील संघर्षांची मीमांसा करताना दोन स्पष्टीकरणे वारंवार पुढे केली जातात. हे संघर्ष पंथ आणि वंश यांच्या प्राचीन वैरातून उद्भवले, असे एक मत आहे. युरोपीय मुत्सद्द्यांनी नकाशावर पट्टी ठेवून आखलेल्या सीमा त्यांना कारणीभूत आहेत, असे दुसरे. इराकच्या उत्तर भागातील किर्कुक प्रदेशाचा इतिहास तपासला असता ही दोन्ही स्पष्टीकरणे अपुरी वाटतात. किर्कुक शहरात तुर्कमेन, कुर्द, अरब, ख्रिस्ती आणि ज्यू हे समाज दीर्घकाळ एकत्र नांदत होते. मोसुल, बगदाद आणि बसरा या तीन ऑटोमन विलायतीही व्यापार आणि नदीमार्ग यांनी परस्परांशी जोडलेल्या होत्या. (विलायत म्हणजे प्रांत, मराठीत हाच शब्द इंग्लंडसाठी रूढ व्हावा, हा योगायोग या विषयाच्या संदर्भात लक्षणीय आहे.) प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन केले आहे की, या संघर्षाचे मूळ सीमारेषेपेक्षा घटनांच्या क्रमात शोधावे लागते. येथे तेलाचा हक्क आधी ठरला. राज्याची सीमा, संविधान आणि संसद त्यानंतर आली.

हिंदुस्थानातून गेलेली फौज आणि कारभार

इराणच्या आखातातील ब्रिटिश धोरण दीर्घकाळ हिंदुस्थान सरकारच्या हाती होते. १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचे बहुसंख्य भाग विकत घेतले. आरमारासाठी कोळशाऐवजी तेल वापरण्याच्या निर्णयाशी हा व्यवहार निगडित होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑटोमन साम्राज्य युद्धात उतरताच हिंदुस्थानातून पाठविलेली फौज फाव येथे उतरली आणि काही आठवड्यांत तिने बसरा घेतले. अबादान येथील तेलशुद्धीकरण कारखान्याचे रक्षण हा या मोहिमेच्या उद्देशांपैकी एक होता. ही फौज सहाव्या पुणे डिव्हिजनची होती आणि तीत मराठा पलटणींचा समावेश होता. पुढे हीच डिव्हिजन कुत-अल-अमारा येथे वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० सैनिक व अनुचरांसह तिला शरण जावे लागले. त्यांतील अनेकांना तुर्की कैदेतच मृत्यू आला. महाराष्ट्रातील अनेक खेड्यांच्या दृष्टीने 'बसरा' हे नाव भूगोलाच्या पुस्तकातून नव्हे, तर लष्कराच्या तारांमधून आले असावे.

सैन्यामागोमाग कारभारही हिंदुस्थानातूनच गेला. व्याप्त प्रदेशात हिंदी रुपया चालू झाला आणि १९३२ मध्ये दिनार येईपर्यंत तेच तेथील चलन राहिले. दिवाणी व फौजदारी कायद्यांचा साचा हिंदी कायद्यांचा होता. त्याहून दूरगामी ठरली ती १९१६ ची टोळ्यांच्या तंट्यांविषयीची नियमावली. बलुचिस्तानात काम केलेले हेन्री डॉब्ज यांनी वायव्य सरहद्दीवरील कायद्याच्या धर्तीवर ती तयार केली. टोळ्यांतील तंटे शेखांच्या पंचमंडळाकडे सोपवावेत आणि शेखांमार्फत शांतता राखावी, असे तिचे सूत्र होते. परिणामतः शहरांसाठी एक कायदा आणि ग्रामीण प्रजेसाठी दुसरा, अशी दुहेरी व्यवस्था निर्माण झाली. ती १९५८ च्या क्रांतीपर्यंत टिकली. या व्यवस्थेने शेख प्रबळ केले. नागरिक घडविण्याचे काम मात्र मागे पडले. १९२० च्या व्यापक उठावानंतर ब्रिटिशांनी थेट राज्य करण्याचा विचार सोडला आणि १९२१ मध्ये हिजाजच्या फैसलला गादीवर बसविले. त्यासाठी घेतलेल्या जनमत चाचणीत अधिकृत आकडा ९६ टक्के अनुकूलतेचा होता. परंतु सुलेमानियाने या चाचणीत भागच घेतला नाही आणि किर्कुकने फैसलला नकार दिला, ही गोष्ट त्या आकड्यापेक्षा अधिक बोलकी आहे.

मोसुलचा प्रश्न

१९१६ च्या साइक्स-पिको करारानुसार मोसुल फ्रान्सच्या प्रभावक्षेत्रात होते. ऑगस्ट १९१८ मध्ये ब्रिटिश युद्धमंत्रिमंडळाचे सचिव मॉरिस हँकी यांनी या भागातील तेलाचा ताबा हे पहिल्या दर्जाचे युद्धोद्दिष्ट मानावे, असा आग्रह धरला. ३० ऑक्टोबर १९१८ च्या मुद्रोस शस्त्रसंधीनंतर काही दिवसांनी ब्रिटिश फौजा मोसुल शहरात शिरल्या. डिसेंबरमध्ये लॉइड जॉर्ज यांच्या मागणीवरून क्लेमांसो यांनी मोसुलवरील हक्क सोडला आणि त्याच्या बदल्यात सान रेमो येथे १९२० मध्ये फ्रान्सला तेल कंपनीत वाटा मिळाला. तथापि ब्रिटिशांना मोसुल केवळ तेलासाठी हवे होते, असे म्हणणे एकांगी ठरेल. डोंगराळ उत्तर सीमेवाचून बगदादचे संरक्षण कठीण होते. शिवाय शियाबहुल राज्यात सुन्नी कुर्दांची जोड मिळावी, अशी फैसलचीही इच्छा होती.

या सर्व हिशेबांत कुर्दांना आश्वासने मात्र मुबलक मिळाली. १९२० च्या सेव्हर तहात कुर्द स्वायत्ततेची आणि पुढे स्वातंत्र्याचीही तरतूद होती. डिसेंबर १९२२ च्या संयुक्त घोषणेत ब्रिटन व इराक यांनी इराकच्या सीमांच्या आत कुर्द शासन स्थापण्याचा हक्क मान्य केला. १९२३ च्या लोझान तहात कुर्दांचा उल्लेख उरला नाही. सुलेमानियाच्या शेख महमूद बर्झिंजी याचे बंड तर ब्रिटिश विमानदलाच्या बॉम्बवर्षावाने मोडण्यात आले.

तुर्कस्तान आणि ब्रिटन यांच्यातील वाद राष्ट्रसंघाकडे गेला आणि १९२५ मध्ये तीन सदस्यांच्या आयोगाने मोसुल प्रदेशात फिरून चौकशी केली. केवळ वंशाचा निकष लावायचा तर स्वतंत्र कुर्द राज्य निर्माण करावे लागेल, कारण लोकसंख्येत कुर्दांचे प्रमाण पाच अष्टमांश आहे, असे आयोगाने नमूद केले. तरीही आर्थिक कारणास्तव, तसेच ब्रिटिश देखरेख पंचवीस वर्षे राहील आणि कुर्द भागात कुर्द अधिकारी व कुर्द भाषा असेल या अटींवर, प्रदेश इराककडे ठेवण्याची शिफारस करण्यात आली. १६ डिसेंबर १९२५ रोजी राष्ट्रसंघाच्या कौन्सिलने तसा निर्णय दिला. १९२६ च्या तहान्वये तुर्कस्तानने तो स्वीकारला आणि त्याबद्दल पंचवीस वर्षे इराकच्या तेल स्वामित्वधनाचा दहावा हिस्सा मान्य करून घेतला. देखरेख मात्र १९३२ मध्ये, म्हणजे सात वर्षांतच, संपली.

१४ मार्च १९२५

तेलाच्या हक्काचा उगम युद्धापूर्वीचा आहे. २८ जून १९१४ रोजी, म्हणजे साराजेव्हो येथील हत्येच्याच दिवशी, ऑटोमन वजीर सैद हलीम याने टर्किश पेट्रोलियम कंपनीला मोसुल व बगदाद विलायतींतील तेलाचा पट्टा देण्याचे पत्राने मान्य केले होते. हे केवळ आश्वासन होते. त्याचे करारात रूपांतर व्हावयाचे होते. ते करण्याचे काम नव्या इराकी सरकारकडे आले.

त्या सरकारची स्थिती कशी होती? जून १९२४ मध्ये संविधान सभेपुढे ब्रिटनशी केलेला तह मंजुरीसाठी होता. सभेच्या शंभर सदस्यांपैकी ६९ उपस्थित होते. सभा बरखास्त करण्याच्या धमकीखाली मध्यरात्रीच्या सुमारास ३७ विरुद्ध २४ मतांनी तह संमत झाला. मोसुल इराकला राखून न दिल्यास तह रद्द समजावा, असा ठरावही सभेने केला. या ठरावातच इराकी नेत्यांची अगतिकता दिसते. मोसुल हवे तर ब्रिटिशांचा पाठिंबा हवा, आणि त्या पाठिंब्याच्या वाटेवर तेलाचा करार उभा होता.

१४ मार्च १९२५ रोजी ७५ वर्षांच्या मुदतीचा करार झाला. राष्ट्रसंघाचा आयोग त्या वेळी अहवाल सादर करण्याच्या तयारीत होता. संविधान जारी झाले ते २१ मार्चला, म्हणजे एका आठवड्याने. पहिली संसद जुलैमध्ये भरली. संसद अस्तित्वात असती तर हा करार तिच्यासमोर ठेवावा लागला असता. ती अस्तित्वात येण्यापूर्वीच तो उरकण्यात आला. सान रेमो येथे इराकी भांडवलासाठी वीस टक्के भागांची शक्यता राखून ठेवली होती, ती करारातून वगळण्यात आली. सरकारच्या वाट्याला टनामागे चार सुवर्ण शिलिंग आले. निषेध म्हणून शिक्षणमंत्री मुहम्मद रिदा अल-शबीबी आणि न्यायमंत्री रशीद अली अल-गैलानी यांनी राजीनामे दिले. याच रशीद अलींनी १९४१ मध्ये पंतप्रधान म्हणून ब्रिटिशांशी शस्त्राने सामना केला. त्या संघर्षाचा इतिहास सामान्यतः जर्मन मैत्रीपासून सुरू करतात. तो सोळा वर्षे मागे नेणे अधिक योग्य होईल.

तेलानंतरचे किर्कुक

ऑक्टोबर १९२७ मध्ये किर्कुकजवळ बाबा गुरगुर येथे तेलाचा प्रचंड फवारा उडाला. पुढच्या वर्षी ३१ जुलैला ब्रिटिश, डच-ब्रिटिश, फ्रेंच आणि अमेरिकी कंपन्यांनी प्रत्येकी २३.७५ टक्के, आणि मध्यस्थ गुलबेंकियन यांनी ५ टक्के, अशी वाटणी पक्की केली. १९२९ मध्ये कंपनीचे नाव इराक पेट्रोलियम कंपनी झाले. तीत नावापुरताच इराक होता.

शहरात बहुतांश तुर्कमेन आणि भोवतालच्या गावांत कुर्द अशी जुनी रचना होती. तेलाच्या रोजगारासाठी कुर्द आणि अरब मजूर येऊ लागले, तसतशी ती बदलत गेली. मात्र या काळातील संघर्ष केवळ वांशिक नव्हते. जुलै १९४६ मध्ये गावुरबागी येथे संपकरी तेल कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला, तेव्हा मागणी वेतनाची आणि संघटनेच्या हक्काची होती. १९५७ च्या जनगणनेत किर्कुक शहरात तुर्कमेन ४५,३०६, कुर्द ४०,०४७ आणि अरब २७,१२७ असे भाषिक आकडे नोंदले गेले. कोणत्याही एका समाजाचे बहुमत तेथे नव्हते. जुलै १९५९ मध्ये याच शहरात अनेक तुर्कमेन नागरिकांची हत्या झाली. तेव्हापासून हे आकडे निव्वळ आकडे राहिले नाहीत.

११ मार्च १९७० च्या स्वायत्तता करारानुसार किर्कुकचे भवितव्य जनगणनेने ठरावयाचे होते. ती गणना झाली नाही. १९७२ मध्ये तेलाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७४ मध्ये कुर्दांशी पुन्हा युद्ध सुरू झाले. नंतर प्रांतातील कुर्दबहुल तालुके शेजारच्या प्रांतांना जोडण्यात आले, कुर्द व तुर्कमेन कुटुंबांना हुसकावून दक्षिणेतील अरबांना वसविण्यात आले आणि प्रांताचे नावही बदलून 'अल-तामीम', म्हणजे राष्ट्रीयीकरण, असे ठेवण्यात आले. परकीय कंपनीच्या हातून सुटलेले तेल शासनाच्या हाती आले; लोकांना मात्र त्याच्या मालकीत स्थान मिळण्याऐवजी अडथळा मानण्यात आले.

२००५ च्या संविधानाच्या कलम १४० मध्ये पुनर्वसन, जनगणना आणि सार्वमत असा क्रम आखून ३१ डिसेंबर २००७ ही मुदत ठरविण्यात आली. ती टळली. २०१४ मध्ये इस्लामिक स्टेटच्या आक्रमणात इराकी सैन्य मागे हटल्यावर कुर्द पेशमर्गांनी किर्कुकचा ताबा घेतला. सप्टेंबर २०१७ च्या कुर्द सार्वमतानंतर १६ ऑक्टोबरला बगदादच्या फौजांनी शहर आणि तेलक्षेत्रे परत घेतली. नोव्हेंबर २०२४ मध्ये इराकमध्ये अनेक दशकांनंतर सर्वंकष जनगणना झाली. प्रश्नावलीत धर्म विचारण्यात आला. वंश आणि भाषा यांचा रकाना मात्र ठेवलेला नव्हता. त्यामुळे किर्कुकविषयी हक्क सांगणारा प्रत्येक पक्ष अद्याप १९५७ च्याच आकड्यांकडे बोट दाखवतो.