रूमी टोपी, गांधी टोपी आणि आम्ही

हैदराबादेतील जुन्या मराठी घराण्यांच्या संदुका उघडल्या, तर त्यांत बहुधा दोन प्रकारची छायाचित्रे सापडतात. एकात घरातील कर्ता पुरुष गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली शेरवानी व गोंड्याची रूमी टोपी अशा वेषात कचेरीतील सहकाऱ्यांसमवेत बसलेला असतो. दुसऱ्यात तोच गृहस्थ खादीची पांढरी टोपी घालून उभा असतो. आमच्या आजोबांचीही अशी दोन छायाचित्रे आहेत. दोहोंत अंतर जेमतेम दोन वर्षांचे. मधल्या काळात, १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या पोलीस कारवाईने निजामाची राजवट संपली होती.

रूमी टोपी मूळची येथली नव्हे. रूम म्हणजे तुर्कस्थान. तेथील सुलतान दुसरा महमूद याने १८२९ मध्ये पागोट्याऐवजी ती अधिकाऱ्यांना सक्तीची केली, तेव्हा ती सुधारणेची खूण होती. त्याच देशात १९२५ मध्ये केमाल पाशाने ती कायद्याने बंद केली, तेव्हा ती मागासलेपणाची खूण ठरली. हैदराबादेत मात्र ती टिकून राहिली. दरबारात दस्तार आणि बगलूस, कचेरीत व १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शेरवानी, हा रिवाज हिंदू आणि मुसलमान दोघेही पाळीत. त्यातून सूट होती ती खुद्द मीर उस्मान अली खान यांनाच. १९३७ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने जगातील सर्वांत श्रीमंत पुरुष म्हणून त्यांना मुखपृष्ठावर झळकवले. पण त्यांची जुनी टोपी आणि विटलेले कपडे साऱ्या शहराच्या चर्चेचा विषय होते. प्रजेला हे स्वातंत्र्य कोठून असणार?

या वेषाला उत्तर म्हणून खादी आली. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी आली आणि २४ ऑक्टोबरला सत्याग्रह सुरू झाला. वर्षअखेरीस ‘वंदे मातरम्’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना उस्मानियातून बाहेर पडावे लागले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. त्या दिवसांत पांढरी टोपी घालून रस्त्याने जाणे म्हणजे पोलिसांची नजर ओढवून घेणे होते.

तथापि हेही मान्य केले पाहिजे की, हा बंडाचा असला तरी गणवेशच होता. ज्यांच्या नावाने ती टोपी ओळखली जाते, त्या गांधीजींनी १९२१ च्या सप्टेंबरात मदुरेला पंचा स्वीकारताना ती उतरवली. अनुयायांनी मात्र डोक्यावर ठेवली. हैदराबादच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तर संन्याशाच्या भगव्या वस्त्रांत वावरत. तेव्हा सर्वांनी एकसारखे दिसणे हा दोष मानता येत नाही. तसे दिसण्यासाठी काय पणाला लावावे लागते, हे पाहिले पाहिजे. १९३८ मध्ये त्या टोपीसाठी शिक्षण, नोकरी, प्रसंगी तुरुंगाबाहेरचे आयुष्य पणाला लागे. १९४९ मध्ये तीच टोपी घातल्याने कचेरीचे दार उघडत असे. कापड तेच, शिवण तीच. अर्थ मात्र पालटला.

आमचे आजोबा १९३८ मध्ये सत्याग्रहात नव्हते, कचेरीत होते. यासाठी त्यांना दूषण देण्याचा अधिकार आम्हांस नाही. त्यांच्या पगारावर अकरा माणसे जेवत होती. आम्ही स्वतः राज्य सरकारच्या सेवेत शिरलो, तेव्हा साहेबांच्या अंगावर सफारी पाहून पहिल्याच दिवाळीला सफारी शिवून घेतला होता. हेच आम्ही आता नातवंडांच्या फाटक्या जीन्सकडे पाहून हसतो आणि म्हणतो, ‘वेगळे दिसायचे म्हणून सगळ्यांनी एकच वेष केला आहे!’ हे खरेच आहे. पण असे म्हणण्याचा मान आमच्या घराण्याला शोभत नाही.

आजवर आमच्या दिवाणखान्यात पांढऱ्या टोपीचेच छायाचित्र होते. पाहुण्यांना ते दाखवताना आम्ही ‘तो लढ्याचा काळ’ एवढेच म्हणत असू, आणि ऐकणारा जो समजायचा तो समजून घेई. गेल्या महिन्यात संदुकीतले दुसरे छायाचित्र काढून, चौकट करून, त्याच्या शेजारी लावले. दोहोंत आजोबा भोवतालच्या माणसांसारखेच दिसतात. आता कोणी विचारले, तर दोन्ही वर्षे सांगतो.